सणाच्या दिवशी अख्खे घर तापाने फणफणलेले असताना: कपाळाच्या थर्मामीटरचे परीक्षण

एकाच घरातील पाच-सहा माणसे एकाच वेळी तापाने झोपलेली असतात, तेव्हा कपाळासमोर धरून क्षणात आकडा दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर जितका उपयोगी पडतो, तितका तो एरवी कधीच पडत नाही. यंदा ऐन सणात आमच्या घरी तशीच वेळ आली आणि या उपकरणाविषयीचे माझे मत त्या काळात पक्के झाले. एकामागून एक सगळ्यांचा ताप पाहण्यासाठी ते उत्तम आहे. पण त्या आकड्यावर काही ठरवायचे असेल, तर जोडीला तोंडात किंवा काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर हवाच. या प्रकारची बहुतेक यंत्रे रचनेने सारखीच असतात, म्हणून येथे एखाद्या कंपनीपेक्षा प्रकाराचाच विचार केला आहे.

त्याचा पहिला गुण वेग हा आहे आणि आजारी घरात त्याचे मोल फार मोठे असते, कारण सेवा करणारा माणूस स्वतःही आजारीच असतो. काखेतल्या थर्मामीटरने प्रत्येकाचा ताप पाहायचा, तो दर वेळी पुसायचा आणि मग पुढच्याकडे वळायचे, यात बराच वेळ जातो. शिवाय नुकत्याच झोपलेल्या मुलाला त्यासाठी हलवावे लागते. कपाळाच्या थर्मामीटरने हे काम झोपमोड न करता होते. मात्र आवाज बंद करण्याची सोय आहे की नाही, हे खरेदी करतानाच पाहून घ्यावे. मध्यरात्री त्याची ‘टीं’ वाजली, की झोपलेले मूल उठतेच आणि त्याच्या रडण्याने बाकीचेही उठतात.

त्याची मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. त्वचेतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणे ते मोजते आणि त्यावरून शरीराच्या आतील तापमानाचा अंदाज बांधते. त्यामुळे कपाळावर घाम असेल, नुकतीच ओली घडी ठेवलेली असेल, केस आडवे आले असतील किंवा पंख्याचा थेट झोत येत असेल, तर आकडा फसवा येतो. डोक्यावरून पांघरूण घेतलेल्या माणसाचे पांघरूण काढल्याबरोबर तो जास्त येतो, तर बाहेरच्या थंडीतून नुकत्याच आत आलेल्या माणसाचा कमी येतो. अंतराचे पथ्यही काटेकोर पाळावे लागते. बहुतेक यंत्रांसाठी ते काही सेंटिमीटरच असते आणि नेमके किती, हे माहितीपत्रकात दिलेले असते. आणखी एक बाब म्हणजे अनेक यंत्रांत शरीराचे तापमान आणि वस्तूच्या पृष्ठभागाचे तापमान अशा दोन पद्धती असतात. मुलांच्या हातून चुकून दुसरी पद्धत सुरू झाली, तर तापलेल्या माणसाचे कपाळसुद्धा पडद्यावर गार दिसते.

हिरवा, नारिंगी आणि लाल असा प्रकाश दाखवणारा पडदा मला सुरुवातीला निव्वळ शोभेचा वाटला होता, परंतु चष्मा शोधण्याचे त्राण नसलेल्या ज्येष्ठांना तो खरोखर सोयीचा ठरतो. सणाच्या दिवशी धोकादेखील त्याच हिरव्या प्रकाशाचा असतो. पॅरासिटामॉल घेतल्यानंतर ताप काही तासांसाठी उतरतो, यंत्र हिरवे होते आणि ‘आता बरे वाटते आहे’ असे म्हणत माणूस सर्वांत मिसळायला बाहेर येतो. साधारणपणे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप मानतात. फ्लूसारख्या आजारात माणसांत मिसळण्यापूर्वी औषधाशिवाय निदान २४ तास ताप नसावा आणि इतर लक्षणेही उतरणीला लागलेली असावीत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. यातली ‘औषधाशिवाय’ ही अट कोणतेही यंत्र जाणत नाही. मोजणीच्या आठवणी साठवण्याची सोय असलेल्या यंत्रातही कोणता आकडा कोणाचा, हे बहुधा कळत नाही. म्हणून भिंतीवर एक कागद लावून त्यावर नाव, वेळ, तापमान आणि दिलेले औषध लिहिणे हाच खात्रीचा मार्ग आहे. एकाच मुलाला दोन वडीलधाऱ्यांनी पाठोपाठ औषध देण्याचा प्रसंगही त्यामुळे टळतो.

आमच्याकडे त्या कागदावरूनच सणाचे स्वरूप ठरले: ताप असलेले आतल्या खोलीत, ताप उतरलेले बाहेर, पाहुण्यांना येऊ नका असे कळवलेले आणि शुभेच्छा व्हिडिओ कॉलवर. (लहान मुलांनी हे उपकरण पिस्तुलासारखे रोखून घरभर मिरवले, तेवढीच काय ती करमणूक.) आजारी घरात सण उरकण्याची घाई न करता तो पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे होते, असे आता वाटते, परंतु तो दोष थर्मामीटरच्या माथी मारता येणार नाही.

तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाच्या बाबतीत मात्र या यंत्रावर विसंबू नये. त्या वयात १००.४ फॅरनहाइटचा ताप आढळला, तर सुट्टी असो वा सण, लगेच डॉक्टरांना गाठावे लागते आणि त्यासाठी आकडा खात्रीचाच हवा. मोठ्यांच्या बाबतीतही कपाळाचा आकडा आणि माणसाची अवस्था यांचा मेळ बसत नसेल, तर साध्या थर्मामीटरने पुन्हा मोजावे. यंत्राची भिंग असलेली बाजू माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे मऊ कापडाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी आणि ती पूर्ण वाळल्यावरच पुढची मोजणी करावी. सेल उतरू लागल्यावर काही यंत्रे पडद्यावर खूण दाखवतात, तर काही एकदम बंद पडतात. सणाच्या दिवशी दुकाने बंद असण्याचा संभव असल्याने सेलची एक जोडी आधीच आणून ठेवावी. घरात दोन-तीनच माणसे असतील, तर या खरेदीची निकड नाही. तेथे साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे आणि तो स्वस्तही पडतो.