क्विल्टिंगचा मासिक बॉक्स: सात महिन्यांनंतर, आणि त्या दातेरी कडेबद्दल

न्यू जर्सीत राहते. फेब्रुवारीत क्विल्टिंगचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवण्याच्या सामानाचा, दर महिन्याला घरी येणारा बॉक्स घ्यायला सुरुवात केली. महिन्याला 32 डॉलर आणि 7 टपालाचे. आत कापडाच्या 5 इंची 42 चौकोनांचा गठ्ठा, म्हणजे चार्म पॅक, अर्धा वार कापड, दोऱ्याचं एक रीळ आणि डिझाइनचं कार्ड. मागच्या आठवड्यात कंपनीशी वाद झाला, म्हणून हे आज लिहायला बसले.

मला सगळ्यात जास्त छळलं ते चौकोनांच्या दातेरी कडेनं. धागे सुटू नयेत म्हणून कड नागमोडी कापतात, ते ठीक आहे. पण पाव इंचाची शिवण मोजायची कुठून, दाताच्या टोकापासून की आतल्या खाचेपासून? कार्डावर याबद्दल अवाक्षर नाही. मी खाच धरून शिवत गेले. दुसऱ्या बॉक्समध्ये 12 चौकोनांची ओळ होती. ती शिवून कार्डाप्रमाणे कापलेल्या साडेचोपन्न इंची कापडी पट्टीवर ठेवली, तर पट्टी जवळजवळ दीड इंच बाहेर. टाके उसवले, पुन्हा शिवले, तरी तेच. रात्री साडेबारा वाजता डोळ्यांत पाणी आलं. चार संध्याकाळी त्या ओळींवर गेल्या होत्या.

तेव्हा कंपनीला मी खूप कडक शब्दांत लिहिलं होतं. उत्तर आलं की कापडात थोडाफार फरक असतोच. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या ईमेलला एका बाईंनी नीट समजावलं: आमचे चौकोन टोकापासून टोकापर्यंत 5 इंच असतात, शिवणही टोकापासूनच धरा. मोजून पाहिलं तर खरंच. दाताची खोली अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणजे प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जास्त जात होतं. अकरा शिवणी, अकरा सूत. हिशोब चोख जुळला. तेव्हा चूक माझी होती हे मान्य. पण ही एक ओळ कार्डावर छापली असती तर माझ्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या, हे मी अजूनही म्हणेन.

त्यानंतरचे तीन बॉक्स मात्र मनापासून आवडले. दोन चौकोन एकमेकांवर ठेवायचे, कर्णरेषा आखायची, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचं आणि रेषेवर कापायचं. दोन-दोन त्रिकोण जोडलेले दोन चौकोन तयार, छाटून साडेचार इंच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कार्डानं शिकवलं. दोरा सुती, पन्नास नंबरचा, बारीक. शिवणीत फुगत नाही. मशीनखाली पूर्वी जमायचा तो कापूसही कमी झाला. लाल कापडाचा रंग जातो, एवढं ध्यानात ठेवा. चार्म पॅक आधी धुता येत नाही, आटतो आणि कडा सुटतात. मी ओलं पांढरं फडकं घासून बघते आणि रंग लागला तर ते चौकोन बाजूला काढते.

मग आला सहावा बॉक्स. आता मी बॉक्स आल्याबरोबर मोजपट्टी लावतेच. निळ्या फुलांचे आठ चौकोन टोकापासून टोकापर्यंत पावणेपाच इंचाच्या जरासे वर भरले. बाकीचे बरोबर पाच. या वेळी माझी चूक नव्हती. पट्टीसकट फोटो पाठवले. उत्तर: पॅकचं वेष्टन काढलं असेल तर बदलून मिळत नाही. वेष्टन काढल्याशिवाय मोजायचं कसं, या प्रश्नाला आजपर्यंत उत्तर नाही. आठ चौकोन बदलून द्यायला किती खर्च येतो?

पैशांचं सांगते, कारण मला ते बोचतं. 42 चौकोन म्हणजे 1050 चौरस इंच. 44 इंची पन्ह्याच्या कापडाचा एक वार 1584 चौरस इंच. म्हणजे सगळा पॅक मिळून पाऊण वारसुद्धा नाही. वरचा अर्धा वार धरला तरी सव्वा वाराच्या आत. माझ्या जवळच्या दुकानात चांगलं क्विल्टिंगचं सुती कापड 13 डॉलर वार मिळतं, म्हणजे कापड पंधरा डॉलरचं. उरलेले चोवीस दोरा, कार्ड आणि टपालाचे. शिकायचे पैसे म्हणून पहिले चार महिने मला ते पटतात. पुढचे पटत नाहीत.

आमच्या आजीनं आयुष्यभर वाकळी शिवल्या. जुनं लुगडं वर, जुनं लुगडं खाली, मध्ये चिंध्या, आणि कडेपासून आत आत येणारा धावदोरा. चिंधी लहान निघाली तर शेजारी दुसरी जोडायची. पट्टी लावताना मला तिचा हात दिसतो.

सातवा बॉक्स शेवटचा. बंद करायचं असेल तर महिन्याच्या 5 तारखेच्या आत करा, नाहीतर पुढचे पैसे कापले जातात. अगदी नवीन शिकणाऱ्यांनी तीन-चार महिने जरूर घ्यावा, मोठी पट्टी जवळ ठेवून. हात बसला असेल त्यांनी कापड वारावर घ्यावं.

ते आठ निळे चौकोन मी सगळे साडेचार इंचांवर छाटून दुपट्यासाठी ठेवलेत. मोठ्या क्विल्टची वरची बाजू तयार आहे. अस्तरासाठी 44 इंची कापडाला जोड द्यावाच लागतो, म्हणून आईला सांगितलंय, दिवाळीला येताना तुझ्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या आण. मधला दंड, म्हणजे दोन साड्यांची जोडशिवण, मी हातानं घालणार आहे.