आठ बाय चारच्या प्लायवर मार्कलिनचा सी-ट्रॅक: जर्मन एरा 3 च का घ्यावा

एचओ, म्हणजे 1:87 मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी आवडलेलं इंजिन आधी घरी येतं आणि काळ, म्हणजे एरा, कोणता दाखवायचा हे मागाहून ठरतं. इथेच गाडं अडतं. आधी टेबल मोजा, काळ त्यावरून ठरवा.

आठ बाय चार फुटी प्लाय म्हणजे 244 × 122 सेंमी. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या सी-ट्रॅकचा, म्हणजे प्लास्टिकच्या बैठकीवरच्या तयार रुळांचा, आर3 (त्रिज्या 515 मिमी) बाहेर आणि आर2 (437.5 मिमी) आत, असे दोन लूप त्यावर छान बसतात. प्रत्येक लूपला 30 अंशांची 12 वळणं आणि 188.3 मिमीचे 12 सरळ तुकडे लागतात. दोन मार्गांमधलं अंतर 77.5 मिमी येतं. 24.3 अंशांचे दोन सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे फाटे) तोंडाला तोंड लावून जोडले की ते अंतर नेमकं भरून निघतं, एकही तुकडा कापावा लागत नाही. ही भूमिती या ट्रॅकची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

मात्र स्टेशनसाठी सरळ जागा उरते जेमतेम 113 सेंमी. आजची आठ डब्यांची जर्मन वेगवान गाडी आयसीई 3 खऱ्यात 200 मीटर, मापात 2.3 मीटर! 26.4 मीटरचा डबा मापात 30 सेंमी होतो आणि आर2 वर वळताना त्याचे कोपरे बाहेर झुकतात. शेजारच्या लूपवर गाडी असेल तर घासाघाशीची भीती.

एरा 3 मध्ये, म्हणजे 1949 मध्ये स्थापन झालेल्या डॉइचे बुंडेसबान या पश्चिम जर्मन रेल्वेच्या पहिल्या वीसेक वर्षांत, हा प्रश्नच येत नाही. तीन आसांचा उमबाऊवागन (जुन्यातून नव्याने बांधलेला प्रवासी डबा) 15 सेंमीचा, 64 वर्गाचं टँक इंजिन 14 सेंमीचं. इंजिन आणि चार डबे मिळून 75 सेंमी, फलाटाला लागून वर जागा उरते. शिवाय वाफ आणि डिझेल एकाच स्टेशनात उभं करता येतं: व्ही 200 हे तांबडं डिझेल 1953 पासूनचं. विजेचं ई 10 ही चालेल, पण वरच्या तारा आणि खांब उभारायची तयारी असेल तरच घ्या.

कॅटलॉगमध्ये नुसतं ‘3’ लिहिलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नका. प्रवाशांचा तिसरा वर्ग जून 1956 मध्ये बंद झाला, त्यामुळे डब्यावर वर्गाचा 3 आकडा असेल तर तो त्याआधीचाच. 1968 मध्ये क्रमांक बदलले आणि व्ही 200 चं 220 झालं. इंजिनाच्या क्रमांकात शेवटी आडवी रेघ आणि एक सुटा अंक दिसला, तर ते एरा 4 चं समजा. जुन्या इमारती नव्या काळात खपतात, उलटं खपत नाही.

आता तक्रारी. पोकळ प्लास्टिकचा हा ट्रॅक थेट प्लायवर ठेवला तर ढोलासारखा वाजतो. खाली 5 मिमी कॉर्क घाला आणि स्क्रू गच्च आवळू नका. तिरका दाब देऊन जोडल्यास तुकड्यांच्या जोडातल्या पत्र्याच्या जिभा वाकतात आणि तिथे गाडी अडखळते. दर दोन मीटरवर वीज द्या: लाल तार मधल्या संपर्काला, तपकिरी रुळांना. दुसऱ्या कंपन्यांची दोन-रुळी डीसी इंजिनं यावर चालत नाहीत. युरोपातला 230 व्होल्टचा अडॅप्टर आपल्याकडे फक्त पिन बदलून चालतो, अमेरिकेतला 120 व्होल्टचा लावू नका. आणि पावसाळ्याआधी प्लायच्या कापलेल्या कडांनाही वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर कड फुगून रुळांचे जोड उचलले जातात.