छापखान्यासाठी क्लाउड स्टोरेज : लग्नसराईपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची ओळखपत्रं, कॅलेंडरं आणि निवडणुका आल्या की फ्लेक्स. डीटीपीला (संगणकावर मजकूर आणि डिझाइन मांडायला) तीन संगणक, काउंटरवर एक, हिशेबाला एक. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मायक्रोसॉफ्ट ३६५ चा 'बिझनेस बेसिक' प्लॅन घेतला आणि सगळे जॉब, म्हणजे कामांच्या फाइली, त्यावर नेले. लग्नसराई, शाळांचा जून, गणपती, दिवाळी असा पूर्ण हंगाम त्यावर काढला आहे, म्हणून आता लिहितो. पाच-सहा माणसांच्या धंद्याला हा पर्याय चांगला आहे. पण निवड करताना बहुतेक जण 'किती जीबी, किती रुपये' एवढंच विचारतात, आणि माझ्या मते ते प्रश्न दुय्यम आहेत.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर फाइली ठेवणं, कशाला, हे सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. पेठेतल्या कितीतरी दुकानांचे संगणक आणि त्यांच्या शेजारीच ठेवलेल्या बॅकअपच्या हार्ड डिस्क एकाच पाण्यात गेल्या. एक प्रत गावाबाहेर असलीच पाहिजे, हे तेव्हापासून पक्कं झालं होतं. मायक्रोसॉफ्टची भारतातली डेटा सेंटरं पुणे, मुंबई आणि चेन्नई भागांत आहेत, २०१५ पासून. आमच्या फाइली सांगलीच्या पुराच्या टप्प्यात नाहीत, एवढं मला पुरेसं आहे.

आता माझे दोन प्रश्न. पहिला : माणूस सोडून गेला तर त्याच्या फाइली कोणाच्या? दुसरा : फाइल उडाली, हे तुम्हाला किती दिवसांनी कळतं?

पहिल्याचं बघू. छापखान्यात ऑपरेटर बदलत राहतात, त्यात कोणाचा दोष नाही. चांगला हात बसला की मुलगा पुण्याला जातो. त्याने स्वतःच्या मोफत ईमेलवर जॉब ठेवले असतील तर ते त्याच्याबरोबर जातात, आणि पुढच्या वर्षी पार्टी येऊन म्हणते, 'मागच्या वेळचंच डिझाइन करा, फक्त तारीख बदला.' पैसे देऊन घेतलेल्या प्लॅनमध्येही ही अडचण उरते, कारण वनड्राइव्ह, म्हणजे त्यातली फाइली ठेवायची जागा, प्रत्येक माणसाच्या नावावर असते. खातं काढून टाकलं की त्याच्या वनड्राइव्हमधल्या फाइली ठरावीक मुदतीपर्यंतच राहतात. प्रशासकाने बदलली नसेल तर ही मुदत ३० दिवसांची. म्हणून आम्ही एकही जॉब कोणाच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये ठेवत नाही. शेअरपॉइंटवर (त्याच प्लॅनमधली सगळ्यांची सामायिक जागा) छापखान्याच्या नावाने एक साइट केली आहे, तिच्या लायब्ररीत सगळे जॉब, आणि तीच लायब्ररी प्रत्येक संगणकावर साध्या फोल्डरसारखी दिसते. मध्यंतरी एक ऑपरेटर सोडून गेला. त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने त्याच फोल्डरमधून अर्धवट पत्रिका पुढे सुरू केली. या एका सोयीसाठी मी पैसे मोजायला तयार आहे.

गूगल वर्कस्पेसमध्ये हेच काम 'शेअर्ड ड्राइव्ह' करतो, झोहो वर्कड्राइव्हमध्ये 'टीम फोल्डर'. तिन्हींपैकी काहीही घ्या, पण फाइल धंद्याच्या मालकीची राहील अशी जागा त्या प्लॅनमध्ये आहे का, हे आधी विचारा. स्वस्तातल्या प्लॅनमध्ये ती मिळेलच असं धरून चालू नका.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. डिलीट केलेली फाइल शेअरपॉइंटच्या रीसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या कचराकुंडीत ३० दिवस, त्यानंतर आणखी २५ दिवस प्रशासकाला ती परत आणता येते. एखाद्या ऑफिसला हे भरपूर आहे, कारण तिथे कालची फाइल आज लागते. छापखान्याचं चक्र वर्षाचं असतं. पतसंस्थेचं कॅलेंडर नोव्हेंबरात होतं आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत त्या फोल्डरकडे कोणी ढुंकून बघत नाही. जागा करायची म्हणून कोणी जानेवारीत ते उडवलं, तर आपल्याला कळेपर्यंत ९३ दिवस कधीच उलटलेले असतात. आणि सिंक, म्हणजे सगळ्या संगणकांवरची प्रत आपोआप सारखी ठेवणं, त्यात एका संगणकावर उडालं की सगळीकडून उडालं. त्याला बॅकअप म्हणणं चूक आहे. क्लाउड विकणाऱ्यांनी हा फरक ठळक अक्षरांत सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आमच्याकडे दर आठवड्याला एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत निघते. कॉपी झाली की डिस्क काढून विश्रामबागला घरी जाते. ती सतत जोडलेली नसते, त्यामुळे संगणकात व्हायरस शिरला तरी, ती काढलेली असेपर्यंत, तिथपर्यंत पोहोचत नाही. वर्षअखेरची एक प्रत कायमची वेगळी ठेवतो. जीएसटीच्या कागदपत्रांनाही ही सवय उपयोगी पडते, कारण त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ती जपावी लागतात.

रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो जुन्या आवृत्त्यांचा. पत्रिकेचं प्रूफ चार वेळा बदलतं. मुलाची आत्या फोन करते की पहिलंच बरं होतं. फाइलवर उजवी क्लिक केली की आधीच्या आवृत्त्या तारीख-वेळेसह दिसतात. मात्र यात एक खाच आहे. लायब्ररीत मुळात ५०० आवृत्त्यांपर्यंत साठवण्याची सोय असते आणि प्रत्येक आवृत्ती तुमच्या जागेतून वजा होते. वर्डच्या पत्राला त्याने फरक पडत नाही. फोटो घातलेली दीडशे एमबीची कोरलड्रॉची (आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल दिवसातून वीस वेळा सेव्ह होते, तिथे जागा भराभर संपते. शेअरपॉइंटची जागा संपूर्ण संस्थेला १ टीबी आणि दर खात्यामागे १० जीबी इतकी मिळते. आमच्या पाच खात्यांना म्हणजे साधारण १.०५ टीबी. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये आवृत्त्यांची मर्यादा १०० वर आणली, तेव्हा हिशेब जमला. कोरलड्रॉ 'बॅकअप ऑफ' नावाची जोडफाइल शेजारीच करतो, तीही सिंक होते. ती नको असेल तर कोरलच्या ऑप्शन्समध्ये 'मेक बॅकअप ऑन सेव्ह' बंद करा.

कोरलवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. एकाच फाइलवर दोघांनी एकदम काम करण्याची सोय वर्ड, एक्सेलसारख्या फाइलींपुरतीच आहे. सीडीआर (कोरलड्रॉची) फाइल दोन संगणकांवर उघडून दोघांनी सेव्ह केली तर वनड्राइव्ह दोन्ही ठेवतो आणि एकीच्या नावाला संगणकाचं नाव जोडतो. काही हरवत नाही, पण छपाईच्या प्लेटला चुकीची फाइल जाऊ शकते. आमच्याकडे जॉबकार्डवर ज्याचं नाव, त्यानेच फाइल उघडायची, असा नियम आहे.

सुरुवातीचं अपलोड हा संयमाचा भाग. आमचा जुना साठा सुमारे ६०० जीबी. इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे सलग पावणेतीन दिवस. लाइट जाणं-येणं धरून जास्तच. कनेक्शन घेताना जाहिरातीत डाउनलोडचा आकडा असतो, अपलोडचा वेगळा विचारून घ्या. एकदा साठा वर गेला की पुढे त्रास नाही, कारण मोठ्या फाइलीत थोडा बदल केला तर वनड्राइव्ह बदललेला भागच पाठवतो. तीन वर्षांपूर्वीचे जॉब वेगळ्या लायब्ररीत टाकले आणि ती कुठल्याच संगणकावर सिंक केली नाही, लागलं तर ब्राउझरमधून उघडतो. मायक्रोसॉफ्टचाच सल्ला तीन लाखांपेक्षा जास्त फाइली सिंक करू नका असा आहे. चालू जॉबचं फोल्डर मात्र 'कायम या संगणकावर ठेवा' असं करून ठेवा. ज्या फाइलीवर नुसतं ढगाचं चिन्ह असतं ती नेट बंद असताना उघडत नाही.

टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली त्या फाइलींत सतत लिहीत असतो, त्या मधेच उचलल्या गेल्या तर डेटा बिघडण्याचा धोका असतो. डेटा संगणकावरच, आणि रात्री घेतलेला बॅकअप तेवढा वर.

शोधण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मराठीत काम करणाऱ्या कोणालाही हे भोवेल. आमचं निम्मं काम अजून जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षर सगळीकडे एकाच संकेताने साठवायची पद्धत) नसलेल्या फॉन्टांत आहे. पडद्यावर 'जाधव' दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. त्यामुळे क्लाउडमधला शोध कितीही हुशार असला तरी त्या फाइलींच्या आत मराठी नाव सापडत नाही. उपाय एकच : फाइलचं नाव युनिकोड मराठीत, ठरलेल्या साच्यात. आधी वर्ष-महिना, मग पार्टीचं आडनाव, गाव, कामाचा प्रकार. 'पाटील' दीर्घच लिहायचं, 'पाटिल' नाही, हेसुद्धा भिंतीवर लावून ठेवलं आहे. आता काउंटरवरची ताई मोबाइलवरून जुना जॉब पार्टीसमोरच काढून दाखवते.

शाळांच्या ओळखपत्रांचं फोल्डर आम्ही वेगळं ठेवलं आहे. त्यात लहान मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे नंबर असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला जादा संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच होती. त्या फोल्डरला दोघांनाच प्रवेश आहे. शाळेला लिंक पाठवतो ती मुदतीची. काम पोहोचलं की फोल्डर उडवतो, रीसायकल बिनमधूनही, आणि हार्ड डिस्कवरूनही. शेवटची पायरी सगळे विसरतात.

पैशांचे आकडे देत नाही, ते सारखे बदलतात. दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. खात्यात आपला जीएसटी नंबर भरला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. आम्ही ज्या एजंटामार्फत घेतलं त्याने पहिलं बिल नंबराशिवाय दिलं होतं, ते दुरुस्त करून घेताना बराच पाठपुरावा करावा लागला. पहिल्याच बिलावर तपासा. तुमचं काम मुख्यतः पत्रं, तक्ते आणि मेल असं असेल तर गूगल किंवा झोहो तुम्हाला जास्त सोपं वाटेल. माझी पसंती विंडोज आणि जड डिझाइन फाइलींमुळे आहे. सध्या पाच खात्यांचंच नूतनीकरण करतोय. जूनमध्ये ओळखपत्रांसाठी जादा ऑपरेटर घेतला की सहावं खातं मासिक बिलावर जोडणार, त्याचा दर वार्षिकपेक्षा जास्त पडला तरी.