सेंट लुईसचे खासगी रस्ते: दरवाजाबाहेरून पाहावी अशी वसाहत

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात, फॉरेस्ट पार्कच्या उत्तरेला लागून, काही रस्ते असे आहेत की ज्यांची मालकी महापालिकेकडे नसून त्या रस्त्यांवर घरे असलेल्या कुटुंबांकडे आहे. पोर्टलंड प्लेस आणि वेस्टमोरलंड प्लेस हे त्यांतले सर्वांत नामांकित. ज्युलियस पिट्झमन या प्रशियात जन्मलेल्या भूमापकाने १८८८ साली त्यांची आखणी केली आणि शहरातील धनिक कुटुंबांनी तेथे दगडी व विटांचे प्रासादतुल्य वाडे उभारले. सेंट्रल वेस्ट एंड या नावाने ओळखला जाणारा हा परिसर पायी पाहण्यासाठी एक सबंध दिवस राखून ठेवावा, अशी माझी मनापासून शिफारस आहे. मात्र येथे काय पाहायचे आणि ते कोठून पाहायचे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

खासगी रस्त्यांची ही व्यवस्था निव्वळ हौसेतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात हे शहर कारखान्यांनी आणि दगडी कोळशाच्या धुराने भरून गेले होते, आणि कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणारा झोनिंगचा कायदा तेथे १९१८ पर्यंत आला नव्हता. त्यामुळे शेजारी उद्या गिरणी उभी राहील की तबेला, याची कोणालाच खात्री नव्हती. यावर उपाय म्हणून मालकांनी खरेदीखतांतच अटी घातल्या: फक्त एका कुटुंबासाठीचे घर बांधायचे, ते रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडून बांधायचे, व्यापार करायचा नाही. रस्त्याची डागडुजी, झाडे आणि दरवाजे यांचा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा आणि कारभार विश्वस्तांनी पाहायचा. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीने इमारतीऐवजी अख्खा रस्ताच चालवायला घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

या रस्त्यांवर आत जाता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रस्ता खासगी असल्याची पाटी दरवाजावर असते आणि तिचा मान राखावा. पण किंग्सहायवे या मोठ्या रस्त्याच्या पदपथावर उभे राहिले तरी भव्य प्रवेशद्वारे, पायी जाणाऱ्यांसाठीची लहान लोखंडी फाटके आणि आत दूरवर गेलेली झाडांची रांग व्यवस्थित दिसते. युनियन बुलेवार्डवरील वॉशिंग्टन टेरेसचे प्रवेशद्वार तर चुकवूच नये. उतरत्या छपराचे आणि घड्याळाच्या मनोऱ्याचे ते द्वारगृह एखाद्या छोट्या जर्मन किल्ल्यासारखे भासते. ज्यांना वाडे जवळून पाहायचे आहेत त्यांनी लिंडेल बुलेवार्डवरून किंग्सहायवे ते युनियन एवढे अंतर चालावे. हा रस्ता सार्वजनिक आहे, एका बाजूला उद्यान आणि दुसऱ्या बाजूला ओळीने वाडे आहेत, आणि तोलामोलात ते आतल्या घरांपेक्षा कमी नाहीत. मोटारीतून हे पाहण्यात अर्थ नाही, कारण छपरांचे उतार आणि कमानींवरचे कोरीव काम दिसायला थांबावे लागते.

आम्ही एका स्थानिक वाटाड्याबरोबर फेरी केली. त्याला वास्तुशैलींची उत्तम जाण होती, परंतु सगळा भर कोणी किती पैसा मिळवला यावरच राहिला आणि त्या संपत्तीभोवतीच्या भिंतीबद्दल तो एक शब्द बोलला नाही, याचे मला वाईट वाटले. खरेदीखतातील अटींचे हेच हत्यार या शहरातील साध्या गल्ल्यांमध्ये माणसांना वेगळे ठेवण्यासाठी वापरले गेले. येथून उत्तरेला, डेलमार बुलेवार्डच्या पलीकडे, लाबाडी अॅव्हेन्यूवर एक साधे दुमजली घर आहे. शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने ते १९४५ मध्ये घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय आणि ‘मंगोल वंशाच्या’ लोकांना तेथे राहू न देण्याचा १९११ चा करार त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. वाड्यांची फेरी या घराच्या उल्लेखाशिवाय अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

दिवसाचा उत्तम भाग मात्र लिंडेलवरील कॅथीड्रल बॅसिलिकासाठी ठेवावा. १९०७ मध्ये बांधायला घेतलेल्या या चर्चमध्ये मोझाइकचे काम १९१२ पासून १९८८ पर्यंत चालले, आणि सुमारे ८३,००० चौरस फुटांवर ४ कोटी १५ लाख तुकडे बसवले गेले. रंगछटा सात हजारांहून अधिक आहेत. भिंतीजवळ जाऊन पाहिले की सोनेरी काचेचा प्रत्येक तुकडा किंचित वेगळ्या कोनात बसवलेला दिसतो, आणि म्हणूनच आपण चार पावले सरकलो की उजेड भिंतीवरून आपल्याबरोबर सरकतो. प्रवेशशुल्क नाही. माना वर करून पाहायचे असल्यामुळे वयस्कांनी बाकावर बसूनच पाहावे.

जेवणासाठी युक्लिड अॅव्हेन्यू सोयीचा आहे. तेथून जवळच मेरीलँड अॅव्हेन्यूवर २००८ मध्ये सुरू झालेला बुद्धिबळ क्लब आणि त्याच्यासमोर वर्ल्ड चेस हॉल ऑफ फेम आहे. बाहेरचा वीस फुटी राजा पाहून मुले हटकून थांबतात. येथे होणाऱ्या सिंकफील्ड चषक या बुद्धिबळ स्पर्धेच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा चौक पाहण्याची ओढ असेलच.

विमानतळावरून मेट्रोलिंकची रेड लाइन थेट सेंट्रल वेस्ट एंड स्थानकात आणते, त्यामुळे मोटारीची गरज नाही. उन्हाळ्यातील दमट उकाडा टाळून ऑक्टोबरमध्ये यावे. वेळ उरल्यास फॉरेस्ट पार्कमध्ये ज्युएल बॉक्स या काचघराजवळ व्हॅन्डेव्हेंटर प्लेस या जुन्या खासगी रस्त्यावरून आणून उभारलेले दरवाजे पाहता येतील. पिट्झमननेच १८७० मध्ये आखलेला तो रस्ता दुकाने आणि रहदारीने वेढला गेला, १९४७ पासून त्यावरील वाडे पाडले गेले आणि एका भागावर माजी सैनिकांचे रुग्णालय उभे राहिले. किंग्सहायवेवरील दरवाजे पाहून झाल्यावर हे दरवाजे पाहिल्यास दोन्हींचे काम शेजारी ठेवून तपासता येते, म्हणून मी हाच क्रम सुचवेन.