भाव चढताना घरखर्च: साठा करावा, हलका माल घ्यावा, की हात आखडावा?

महागाई वाढली की घरात एकदम सगळेच अर्थतज्ज्ञ होतात. एकाचं म्हणणं, आत्ताच भरून ठेवा, पुढच्या महिन्यात आणखी वाढेल. दुसरा म्हणतो, ब्रँडचं नाव सोडा, स्वस्तातलं घ्या. तिसऱ्याच्या मते लागतं तेवढंच आणा, बाकी बंद. चौथा सगळ्यांत निवांत: काही बदलू नका, वरचे पैसे बचतीतून काढू, भाव उतरतीलच. चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण चौघांचं वजन सारखं नाही. साठ्याला गरजेपेक्षा फार मान मिळतो आणि स्वस्त पर्यायाला फार कमी, असं माझं मत आहे. ते का, ते आकड्यांवरून दिसेल.

आधी भाववाढ कसली आहे ते बघा

एखाददुसऱ्याच वस्तूचा भाव उसळला असेल, म्हणजे पीक बुडालं, वाहतूक अडली, कारखाना बंद पडला, तर तो बहुतेक वेळा खाली येतो. नवीन माल बाजारात आला की संपलं. तिथे सगळ्यांत शहाणपणाचं काम म्हणजे काही काळ ती वस्तू कमी वापरणं किंवा वाट बघणं. बचतीतून थोडं काढलं तरी बिघडत नाही.

सगळ्याच गोष्टी थोड्याथोड्या चढत असतील तर मात्र हिशोब वेगळा. इथे एक गैरसमज जबर आहे. ‘महागाई कमी झाली’ अशी बातमी आली की लोकांना वाटतं भाव उतरणार. पण 10 टक्क्यांची महागाई 4 टक्क्यांवर आली म्हणजे 100 ची वस्तू आधी 110 झाली आणि आता 114.40. चढण्याचा वेग कमी झाला, चढणं थांबलं नाही. चौथ्या सल्लागाराचं ‘उतरतीलच’ इथेच कोसळतं.

घराला बसणारा खरा चटका

एक घर डोळ्यांसमोर धरू. महिन्याची मिळकत 100, खर्चही 100. त्यातले 60 हलवता येत नाहीत: भाडं, औषधं, शिक्षण, वीज, कामावर जाण्यायेण्याचा खर्च. उरलेल्या 40 मध्ये काय घ्यायचं आणि किती घ्यायचं, हे आपल्या हातात. आता सगळं 8 टक्क्यांनी महागलं आणि मिळकत तेवढीच राहिली. अटळ खर्च 60 वरून 64.80 वर गेला, हातात उरले 35.20. जो माल आधी 40 ला यायचा तो आता 43.20 चा. म्हणजे मोकळ्या खर्चातला जवळपास साडेअठरा टक्के माल कमी करावा लागणार.

महागाई आठ टक्के, कात्री साडेअठरा टक्के. सरकारी आकडा आणि घरातला अनुभव जुळत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो सरासरी घर जे विकत घेतं त्या टोपलीचा असतो आणि आपल्या टोपलीतला हलवता येणारा भाग छोटा असतो. उत्पन्न जितकं कमी तितका हा भाग आणखी छोटा. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. अन्न महागलं की त्या घराला पळायला जागा कुठून असणार?

खर्च 108 झाला आणि मिळकत 100 च, म्हणजे या घरात महिन्याला 8 चं भोक पडलंय. चारही उपाय त्यातलं किती बुजवतात, ते आता बघू.

साठा

टिकणारा माल या घरात महिन्याला 15 चा लागतो असं धरू: धान्य, तेल, साबण वगैरे. सहा महिन्यांचं एकदम भरलं तर किती वाचेल? पटकन उत्तर येतं, 8 टक्के. थोडा विचार करणारा म्हणतो 4 टक्के. दोन्ही चूक. पहिल्या महिन्याचा माल तर आजच्याच भावाने घ्यायचा होता, त्यावर काहीच वाचत नाही. दुसऱ्या महिन्याच्या मालावर एका महिन्याची भाववाढ वाचते, शेवटच्यावर पाच महिन्यांची. सरासरी अडीच महिने. वर्षाला 8 टक्के म्हणजे महिन्याला साधारण 0.64 टक्के, तेव्हा एकूण वाचले 1.6 टक्के. 15 च्या मालावर महिन्याला 0.24, जेमतेम पाव. भोक आठचं आहे.

आणि या पावाला वाटेकरी किती! साठ नगांतला एक जरी खराब झाला, मुदत उलटून गेला, उंदराने फोडला, तर फायदा शून्य. घरात भरपूर दिसलं की वापरताना हात सैल सुटतो तो वेगळाच. ही खरेदी कार्डावर उधारीने केली तर बोलायलाच नको.

घाऊक घेतल्यावर 10 टक्के सूट मिळत असेल तर गोष्ट बदलते, कारण 15 वर दीड वाचतात. पण ते श्रेय सवलतीचं, भाववाढीच्या भीतीने केलेल्या साठ्याचं नाही. भाव स्थिर असतानाही ती सूट तितकीच फायद्याची. म्हणून दुकानात ‘वाढणार आहे, घेऊन ठेवा’ ऐकू आलं तर विचारायचा प्रश्न एकच: आज एकदम घेतलं तर किती कमी?

भाव महिन्यालाच 5 टक्क्यांनी पळत असतील तर मात्र साठ्यासारखा उपाय नाही. तसं असेल तर सहा महिन्यांचा तोच माल महिन्यामहिन्याने घेताना जवळपास साडेतेरा टक्के जास्त मोजावे लागतात. जर्मनीत 1923 साली लोक पगार हातात पडताच दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत त्या नोटांत कमी माल यायचा. ते वागणं घाबरटपणाचं नव्हतं, हिशोबाचं होतं. फक्त तो हिशोब आठ टक्क्यांच्या महागाईला लावू नये. शिवाय सगळेच भरून ठेवायला लागले की टंचाई नसलेल्या वस्तूचीही टंचाई होते. 2020 च्या साथीत रिकाम्या फळ्या जगभर दिसल्या.

स्वस्तातला पर्याय

मोकळ्या खर्चातल्या अर्ध्या वस्तू आपण 15 टक्के स्वस्त नावावर नेल्या असं धरू. नव्या भावाने तो अर्धा भाग 21.60 चा, त्यावर 3.24 वाचले. साठ्याच्या तेरापट. आणि यासाठी ना जागा लागते, ना एकरकमी पैसा. भांडवल नसलेल्या घराला तर हाच उपाय आधी परवडतो.

मग लोक कचरतात का? थोडा मानाचा प्रश्न असतो, थोडी सवय, आणि काही शंका रास्तही असतात. पहिली शंका टिकण्याची. दीडपट महाग वस्तू दुप्पट टिकत असेल तर महिन्याच्या हिशोबाने महागडीच स्वस्त. पण हे चप्पल-बूट, भांडी, उपकरणं यांना लागू. महिन्यात संपणाऱ्या साबणाला टिकाऊपणा कसला? तिथे फरक बराचसा वेष्टनाचा आणि जाहिरातीचा असू शकतो. एकदा आणून बघावं, नाही आवडलं तर एका महिन्याचं नुकसान.

दुसरी गोष्ट वजनाची. किंमत तीच, पाकीट तेच, आतला माल 200 ग्रॅमवरून 180 ग्रॅमवर. ऐकायला दहा टक्के कमी झालं, पण तेवढाच माल मिळवायला आता 11.1 टक्के जास्त मोजावे लागतात. पाकिटाची उंची बदलत नाही, तळ आत दबतो किंवा वर हवा वाढते. म्हणून तुलना पाकिटाशी पाकिटाची करूच नये, किलोला किंवा लिटरला काय पडतं ते बघावं. युरोपीय संघाने 1998 मध्ये दुकानांना असा एकक भाव लिहिण्याचा नियमच केला. जिथे लिहिलेला नसेल तिथे मोबाइलवर भागाकार करायला फार वेळ लागत नाही. मोठं पाकीट हमखास स्वस्त असतं हाही समज या भागाकारात अनेकदा गळून पडतो.

या उपायाची खरी मर्यादा निराळी आहे. बचत एकदाच होते. 15 टक्के स्वस्त वस्तूही दरवर्षी 8 टक्क्यांनी चढली तर दोन वर्षं उलटताच ती जुन्या महागड्या वस्तूच्या आजच्या भावाला पोचते. त्यात स्वस्त वस्तू जास्त वेगानेही चढू शकते. आल्बेर्तो काव्हायो आणि ओलेक्सी क्रिव्त्सोव्ह या अर्थतज्ज्ञांनी दहा देशांतल्या किरकोळ विक्रीचे भाव तपासले, तेव्हा साथीनंतरच्या महागाईत स्वस्त नावं महागड्यांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचं दिसलं. हे का होऊ शकतं ते सोपं आहे. स्वस्त वस्तूच्या 100 मध्ये कच्च्या मालाचे 60 असतील आणि महागडीच्या 100 मध्ये 40, तर कच्चा माल 20 टक्क्यांनी वाढल्यावर पहिलीला 12 चा धक्का, दुसरीला 8 चा. शिवाय जो आधीच सगळ्यांत स्वस्त माल घेतो त्याला खाली सरकायला पायरीच नसते. त्याच्यासाठी हा उपाय संपलेला आहे.

हात आखडणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण बहुतेक घरं हे आपोआप करतात. आपल्या नमुन्यातल्या घराने आधी स्वस्त पर्याय घेतला तर उरलेलं भोक 4.76 चं, आणि मालातली कपात साडेअठराऐवजी बारा टक्क्यांवर येते. म्हणजे क्रम महत्त्वाचा: आधी नाव बदला, मग प्रमाण.

धोका चुकीच्या जागी कात्री लागण्याचा. ज्याचा परिणाम आज दिसत नाही ते आधी कापलं जातं: दातांची तपासणी, गाडीची देखभाल, विम्याचा हप्ता, गळक्या नळाची दुरुस्ती. ही कपात नाही, पुढे ढकललेलं मोठं बिल आहे, आणि ते येईल तेव्हा नव्या भावाने येईल. त्यापेक्षा वापरात नसलेली महिन्याची वर्गणी आधी बंद करा. अशा वर्गण्या खात्यातून परस्पर कापल्या जातात म्हणून कुणाच्या नजरेत येत नाहीत.

बचत किंवा उधारी

या घराकडे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे 600 ची बचत आहे. महिन्याला 8 काढायचे तर सहा वर्षं सहज जातील असं वाटतं. पण भोक वाढत जातं. ढोबळमानाने, व्याज बाजूला ठेवून, पहिल्या वर्षी 96 गेले, दुसऱ्या वर्षी 200 च्या आसपास, तिसऱ्या वर्षी 312. तिसरं वर्ष संपायच्या आतच तळ. चार-सहा महिन्यांचा पूल म्हणून बचत चांगली, त्यापुढे नाही.

तेच 8 दर महिन्याला कार्डावर टाकले आणि व्याज महिन्याला 3 टक्के असेल, तर वर्षाअखेर 96 चं देणं 113 च्या वर जातं. एका महिन्याच्या मिळकतीपेक्षा जास्त. महिन्याला 3 टक्के ऐकायला बारीक वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाचे साडेबेचाळीस टक्के होतात. आठ टक्क्यांच्या दुखण्यावर हे औषध कुणी घेऊ नये.

मग तुम्ही कुठे बसता?

मिळकतही थोडी वाढली असेल तर चित्र एकदम हलकं होतं. वरच्या घराला 5 टक्के वाढ मिळाली तर भोक फक्त 3 चं, आणि स्वस्त पर्यायाचे 3.24 ते एकट्याने बुजवतात. साठा नको, कपात नको. वाढ शून्य असेल तर पर्याय आणि कपात दोन्ही लागतील, आणि वर्षभरात उत्पन्नाच्या बाजूने काही हललं नाही तर तेही पुरणार नाही. मग तो 60 चा ‘अटळ’ भाग पुन्हा उघडावा लागतो: छोटं घर, कामाच्या जवळचं घर, दोन गाड्यांची एक गाडी. त्रासदायक असतं, पण तिथे एका निर्णयात जे वाचतं ते वर्षभर वेष्टनांवरचे आकडे वाचून वाचत नाही.

आधीपासून कर्ज असेल तर त्याचा प्रकार तपासा. मिळकतही वाढत असेल तर ठरलेल्या व्याजाचं कर्ज महागाईत उलट हलकं होतं, कारण हप्ता तेवढाच राहतो आणि पैशाची किंमत घटते. ते घाईने फेडायला जाऊ नका. बदलत्या व्याजाच्या कर्जाचं नेमकं उलटं: मध्यवर्ती बँका महागाई आवरायला व्याजदर वाढवतात, आणि हप्ता किंवा मुदत त्याबरोबर वाढते. अशा घरात बोनस किंवा जुन्या वस्तू विकून आलेले पैसे साठ्यात घालण्याऐवजी मुद्दलात भरलेले बरे, कार्डाची थकबाकी असेल तर त्याच्याही आधी तिच्यात.