एलडी सर्टिफिकेट 'करून देणाऱ्या'ला मी 37,600 रुपये दिले

आधी आकडा सांगून टाकतो, कारण आजवर प्रत्येकाला तो मी कमी करून सांगितलाय. मेव्हण्याला वीस हजार म्हणालो, ऑफिसात 'दहा-बारा गेले' म्हणालो. खरा आकडा 37,600, धाकट्या मुलाच्या एलडीच्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या, कागदासाठी. नोंदणी 1,500, टेस्टिंग 6,500, 'बोर्ड फाइल' 12,000, 'अर्जंट' 8,000 आणि बारा सेशनचं पॅकेज 9,600. बारापैकी पाच सेशन झाली. पावती फक्त पहिल्या दीड हजाराची आहे.

मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक आहे. कर्जदाराची सही नमुना सहीशी ताडून बघायची, जामीनदाराच्या कागदावरचा शिक्का डोळ्यांखालून घालायचा, अठरा वर्षं हेच करतोय. हे मुद्दाम सांगतोय. 'अडाणी लोक फसतात' असं मीही म्हणायचो.

धाकटा दहावीत आहे. इतिहासाचा प्रश्न तोंडी विचारा, तुम्हाला गप्प करेल. तोच लिहायला बसवला की दुसऱ्या ओळीत अडकतो. व आणि ब, न आणि ण, सगळी सरमिसळ. 63 चे 36 करतो. छत्तीसचा आकडा आमच्या घरात खरोखरच आहे. प्रगतिपुस्तकावर चौथीपासून एकच शेरा, 'लक्ष देत नाही'. त्या शेऱ्यावरून मी पोराला बडवलंय. 'न नळाचा, ण बाणाचा' असं ओरडत शंभर-शंभर वेळा लिहून घेतलंय. नववीत नव्या आलेल्या मराठीच्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं, हा आळस नाही, एलडी वाटतंय, तपासून घ्या. तेव्हाच उठलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आई म्हणाली, पोराला वेड्यात काढता काय, आणि मीही तेवढ्यावर गप्प बसलो.

एलडीच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती काय असतात ते या वाटेने गेलेल्यांना ठाऊक आहेच. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये अध्ययन अक्षमता नावानिशी आहे आणि त्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक हे शब्द आहेत. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. पण त्यासाठी सरकारमान्य रुग्णालयाचा कागद लागतो आणि घोडं तिथेच अडतं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात जूनमध्ये गेलो. एसटीने दीड तास. खिडकीवरचे म्हणाले, फक्त बुधवारी. बुधवारी गेलो तर, शाळेचं पत्र आणा. पत्र नेलं तर, आधी डोळे आणि कान तपासून या. तेही केलं. मग कळलं की बुद्ध्यांक चाचणी घेणाऱ्या मॅडमची बदली झालीये आणि जागा रिकामी आहे. 'दिवाळीनंतर बघा.' आणि बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवाळीच्या आसपास! चार खेपा, चार रजा. चौथ्या खेपेला पोरगं बाकावर बसून म्हणालं, "बाबा, राहू द्या ना, मी नापास होतो." हे ऐकल्यावर तुम्ही काय केलं असतं ते तुम्हीच ठरवा.

त्याच बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी सर्टिफिकेट 'करून देणाऱ्या' एका माणसाचा नंबर दिला. आता वाटतं, त्या बाईही त्याच्याच असतील. बायको म्हणते तसं नसेल, बिचारी तीही फसली असेल.

माणूस गोड. मला दादा, बायकोला ताई. जिल्ह्याच्या गावात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं 'सेंटर', भिंतीवर रंगीत मुळाक्षरं, कोपऱ्यात ठोकळे, दारावर नावापुढे तीन पदव्या. खाजगी कागद बोर्ड घेत नाही एवढं मला माहीत होतं. तसं मी विचारलंही. तो हसला. "दादा, कागद सरकारीच येणार. आपण फक्त रांग वाचवतो. आतमध्ये आपली माणसं आहेत." मी ते ऐकलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपल्याकडे सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळं ओळखीवर होतं, मग हेही होत असेल.

आता ती वेळ, जी आठवली की रात्री उठून बसतो. एक नाही, दोन आहेत.

पहिली, टेस्टिंगचा दिवस. साडेसहा हजार भरून पोराला आत नेलं आणि पस्तीस मिनिटांत बाहेर आणलं. परत येताना गाडीत पोरगं म्हणालं, "बाबा, त्यांनी मला काही वाचायलाच दिलं नाही. माणसाचं चित्र काढायला लावलं आणि मोबाइलवर बोलत बसले." वाचता येत नाही म्हणून आलेल्या मुलाला वाचायला दिलं नाही! पोराच्या लक्षात आलं. मी त्याला म्हणालो, मोठ्यांचं मोठ्यांना कळतं, तू गप बस.

दुसरी, कागद हातात आला तो दिवस. ऑक्टोबरची अखेर. आठ हजार 'अर्जंट'चे यूपीआयने गेले आणि तिसऱ्या दिवशी कागद आला. पोराला रुग्णालयात एकदाही न नेता! सरकारी लेटरहेड, तीन सह्या, गोल शिक्का. मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून शाळेत दिला, पेढे दिले. दोन दिवसांनी कारकून बाईंनी बोलावून शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्क्यात लिहिलं होतं 'रुग्नालय'.

न. नळाचा.

सहा वर्षं ज्या न-ण वरून पोराला झोडपलं, तो मला शिक्क्यात दिसला नाही. माझं काम शिक्के बघायचं. नंतर भिंगाखाली धरून पाहिलं तर तिन्ही सह्यांची शाईही एक आणि हातही एकच.

सेंटरला कुलूप. फोन आधी 'मीटिंगमध्ये', मग 'रुग्णालयाची टायपिंग मिस्टेक, बदलून देतो', मग बंद. घरमालक म्हणाला, अकरा महिन्यांचा करार होता, दोन महिने आधीच सोडून गेला.

इथून पुढचं लिहिताना हात थरथरतो, आणि तो त्या भामट्यामुळे नाही. तो चोरच होता. बाकीचे पगार घेऊन बसलेले आहेत.

हेडसरांचा पहिला प्रश्न, "तुम्हीच कुठून करून आणलंत का?" त्या मराठीच्या बाई सोडल्या तर पाच वर्षांत याच शाळेने एकही चाचणी सुचवली नाही, आणि आता मी आरोपी. शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, हा आरोग्य खात्याचा विषय. रुग्णालयात गेलो. ते म्हणाले, कागद आमचा नाही, त्यामुळे तक्रारही आमची नाही. अहो, नाव तुमचं, शिक्का तुमच्या नावाचा, तुम्हालाच पोलिसांत जायला हवं! 'लेखी द्या.' लेखी दिलं. आवक क्रमांक मिळाला. तेवढाच मिळाला.

पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं. मग हवालदार म्हणाले, पैसे तुम्ही आपल्या हाताने दिलेत, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, बनावट सरकारी शिक्का दिवाणी कसा? तर साहेबांनी आतून आवाज दिला, "दिव्यांगाची सवलत खोट्या कागदावर घ्यायला गेलात, दोन वर्षं आत जाल." असं कलम खरंच आहे, त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं 91. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याने शिक्का बनवला त्याच्यासाठी साहेबांना कलम आठवलं नाही, माझ्यासाठी लगेच आठवलं. शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतली. जुना चारसोबीस आता भारतीय न्याय संहितेत 318 झालाय, तेवढा आकडा मी पाठ केला, उपयोग शून्य. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार क्रमांक आला. पण पैसे जाऊन वीस दिवस झाले होते आणि खातं रिकामं होतं. हे ज्याला लागू होईल त्याने ऐका: यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी 1930 ला पहिल्या तासात फोन करा. लाजेने दोन आठवडे घालवू नका, मी घालवले.

आणि लोकांचं काय? ऑफिसात एकाने विचारलं, "मुलगा खरंच तसा आहे की सवलतीसाठीच?" त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो नाही.

मी चुकलो, मान्य. पण मी हुशार मुलाला जादा मार्क मिळवायला गेलो नव्हतो. जे कायद्याने त्याचं आहे ते वेळेत मिळत नव्हतं म्हणून गेलो. रांग सरळ चालली असती तर त्या माणसाचं दुकान चाललंच नसतं.

म्हणून जे सुचेल ते लिहितो. मूल रुग्णालयात न जाता कागद आला तर तो खोटाच, शिक्का कितीही सुबक असो. खरी तपासणी एका बैठकीत होत नाही. आता कळलं की बुद्ध्यांक वेगळा, वाचन-लेखन-गणित वेगळं, आणि मुलाच्या जुन्या वह्याही मागतात. त्या रद्दीत घालू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र 1 जून 2021 पासून केंद्राच्या यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच निघतं आणि त्या नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. 'बोर्ड फाइल' नावाची कुठली फी नसते. प्रस्ताव शाळाच विभागीय मंडळाकडे पाठवते. दहावीची वाट बघू नका, आठवीतच सुरुवात करा. जिल्ह्यात जागा रिकामी असेल तर दुसरीकडे चौकशी करा. आमच्या नात्यातल्या मुलीला मुंबईत सायनच्या रुग्णालयातून रीतसर मिळालंय, वेळ लागला पण मिळालं. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात. हे मला फसल्यानंतर कळलं. आमचे तर स्वतः मोटरसायकलवरून घरी आले आणि पोराला तासभर वाचायला बसवलं. चहासुद्धा घेतला नाही.

त्यांनीच रुग्णालयात पाठपुरावा केला. बाजूच्या जिल्ह्यातून आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या मॅडमकडे दोन बैठका झाल्या, तिसरी येत्या बुधवारी आहे. शाळेने प्रस्ताव उशिरा घ्यायचं तोंडी कबूल केलंय. लेखी मागितलं तर हेडसर रागावले, तरी मी अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. शेजारचा नववीतला मुलगा लेखनिक व्हायला तयार आहे. दोघं संध्याकाळी गच्चीत बसतात, हा सांगतो, तो लिहितो.

त्या सेंटरमध्ये आणखी कुणी पैसे भरले असतील तर दीड हजाराची ती पिवळी पावती तुमच्याकडेही असेल. ती फाडू नका. माझ्या एनसीला तुमची तक्रार जोडायची आहे.