पावणेचार इंची माणसं आणि ड्रिपचा वायसर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दिवाळीत दोन खरेद्या केल्या. पहिली भुसावळच्या एका रेल्वे क्वार्टरमधून. बदली झालेल्या घरातला माळा रिकामा होत होता, त्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १४ जुने जी. आय. जो, म्हणजे पावणेचार इंची सैनिकबाहुल्या, निघाले. सगळे फनस्कूल या आपल्याकडच्या कंपनीचे, बहुतेक बिनहत्यारी, दोघांचे पाय वेगळे. २,८०० रुपयांत डब्यासकट मिळाले. दुसरी खरेदी ऑनलाइन, आजच्या एका कंपनीची सहा इंची फिगर. एकच, आणि तिचे ४,२०० रुपये. या कंपनीचं नाव लिहीत नाही. ती जी. आय. जोच्या जुन्या घराण्यातली नव्हे, आणि मला तिच्याशी भांडायचंही नाही.

लिहायला आठ महिने लावले, कारण जळगावचा उन्हाळा काढल्याशिवाय प्लास्टिकबद्दल मत देऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे. डबा उघडताना सगळेच खूश असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कोण उभा राहतो आणि कोण गुडघे टेकतो ते दिसतं.

आधी जुन्यांचं.

लहानपणी अंमळनेरला माझ्याकडे यातला एकच होता, बीच हेड. दिवाळीच्या बोनसवर आलेला. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात दुकानं लागायची, त्यात प्लास्टिकचे सैनिक किलोवारी मिळायचे, पण ते हात न हलवता बंदूक रोखून उभे. बीच हेड बसायचा, कोपर वाकवायचा, मान वळवायचा. आणि त्याच्या पुठ्ठ्यामागे त्याची सगळी कुंडली छापलेली असायची. सांकेतिक नाव, खरं नाव, गाव, कामगिरी, स्वभावाचे दोन टोमणे. अमेरिकेत ती कार्डं लॅरी हामा नावाच्या कॉमिक्स लेखकाने लिहिली होती हे फार नंतर कळलं. इंग्रजी धड येत नसताना आम्ही ती कार्डं डिक्शनरी घेऊन वाचली. निम्मं इंग्रजी तिथेच शिकलो, शाळेने उगाच श्रेय घेऊ नये.

भुसावळच्या डब्यात बीच हेड होता, फ्लिंट होता, स्कार्लेट होती. स्कार्लेटच्या कमरेपासून खाली काहीच नव्हतं. म्हणजे पाय डब्यात होते, पण सुटे.

ज्यांनी हे खेळणं कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठीवर मधोमध एक स्क्रू असतो. बारीक स्टारचा पेचकस लागतो, घड्याळवाल्याकडचा. गंजला असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवायचा, जोर लावला की डोकं झिजतं आणि मग कपाळाला हात. स्क्रू निघाला की छाती आणि पाठ अशी दोन शकलं वेगळी होतात, हात आपोआप गळून पडतात, डोकं निघतं. आणि आत मिळते या सगळ्या माणसाला बांधून ठेवणारी वस्तू: रबराची एक काळी रिंग. ती पायांच्या मधल्या लोखंडी आकड्यात अडकते, कमरेतून वर येते आणि छातीच्या आतल्या खुंटीवर चढते. बस, एवढंच. स्कार्लेटच्या पोटातून ती रिंग शिळ्या शेवेसारखी चार तुकड्यांत पडली. तीस वर्षांच्या रबराने आणखी काय करावं?

ती रिंग परदेशातून मागवतात संग्राहक. मी तुटलेले तुकडे कागदावर गोल मांडून माप काढलं आणि ड्रिपच्या दुकानात गेलो. जळगावात राहून ठिबकच्या दुकानात वायसर मिळणार नाही तर कुठे मिळणार? काउंटरवरचे आप्पा पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी.

"काय जोयजे भाऊ?"

मी खिशातून स्कार्लेटचे दोन अर्धे काढून काउंटरवर ठेवले. आप्पांनी चष्मा वर केला. "हाई काय शे?"

समजावून सांगितलं. गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी त्यांनी तीन मापांच्या रिंगा काढल्या आणि स्वतः लावून बघायला बसले. पहिली ढिली, पाय लोंबायला लागले. तिसरी इतकी ताठ की मीच थांबवलं, कारण जास्त ताणली तर पायांच्या मधला तुकडा तडकतो आणि मग त्याला औषध नाही. मधली बसली. आप्पांनी स्कार्लेटला काउंटरवर उभी केली, ती उभी राहिली. "आते ड्रिपना वायसर बाहुलीले बी लागस!" म्हणाले, आणि पाच रुपये घेतले.

त्या दिवसापासून चौदाच्या चौदा दुरुस्त झाले. आठ महिन्यांत एकही रिंग गेलेली नाही. पुतण्या, वय वर्षे नऊ, रोज खेळतो. जिन्यावरून फेकतो, केळीच्या सोपटात पुरतो, फ्रिजरमध्ये बर्फात गोठवतो. फ्लिंटचा एक अंगठा गेला. तो जायचाच, हत्यार धरायचा अंगठा हे या बाहुल्यांचं जुनं दुखणं आहे, जगभरचे लोक त्यासाठी रडतात. बंदूक देताना मूठ थोडी कोमट पाण्यात धरली तर वाचतो.

पिवळ्या पडलेल्या दोन बाहुल्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोगही केला. पारदर्शक बरणीत बुडवून कडक उन्हात ठेवायचं, अतिनील किरणं बाकीचं काम करतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत होते, त्यांच्या शेजारी बरणी ठेवली. आई वर आली. "हाई काय वाळत घालेल शे रे?" औषध विषारी आहे आणि बिबड्यांपासून चांगलं हातभर लांब आहे हे सांगूनही तिने बरणी पाण्याच्या टाकीवर ठेवायला लावली. चार तासांत पांढरा रंग बराच परतला. एकाच्या छातीवरचा रंगवलेला पट्टा फिका झाला, ती चूक माझी, रंगवलेला भाग झाकायला हवा होता. शिवाय हा पांढरेपणा कायमचा नसतो, पुन्हा पिवळं पडू शकतं.

आता हे घराणं कुठून आलं ते थोडं सांगतो, कारण बिघाड कुठे झाला ते त्यातच आहे.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये पहिला जी. आय. जो काढला तो १२ इंची होता. मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' म्हणायचं ठरलं, तो शब्द तिथून रुळला. (आमच्या घरी आजही बाहुलीच म्हणतात, कोणाचं काही बिघडलं नाही.) पावणेचार इंचाचं माप मात्र सिनसिनाटीच्या केनर कंपनीने गाजवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन स्टाइनर भावांनी काढलेली कंपनी, नाव केनर स्ट्रीट या रस्त्यावरून. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ची लाट आली तेव्हा त्यांच्याकडे नाताळला विकायला बाहुल्याच तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी रिकामं पाकीट विकलं. आत एक प्रमाणपत्र: पैसे आज द्या, बाहुल्या पुढच्या वर्षी पोस्टाने. लोकांनी घेतलं! त्याआधी 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या काढायचा परवाना मेगो नावाच्या तेव्हाच्या बड्या कंपनीने नाकारला होता. मेगो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली.

लहान माप खपतं हे दिसल्यावर हॅस्ब्रोने १९८२ मध्ये जी. आय. जो त्याच मापात आणला, पण पोटात रबराची रिंग घालून. खरं सांगायचं तर केनरची 'स्टार वॉर्स' बाहुली उघडता येत नव्हती. मान, दोन हात, दोन पाय, पाच सांधे, विषय संपला. पण ती मुठीत मावायची, खिशात जायची, आणि तिची अंतराळयानं मुलांच्या पलंगाखाली मावायची. माप केनरने रुजवलं म्हणा, आतडी हॅस्ब्रोची.

पुढे केनरचं जे झालं ते वाटण्या होणाऱ्या वाड्यासारखं. मालकी आधीच जनरल मिल्सकडे होती, १९८७ मध्ये टोंका ही दुसरी खेळण्यांची कंपनी मालक झाली, १९९१ मध्ये टोंकाच हॅस्ब्रोने घेतली आणि २००० मध्ये सिनसिनाटीचं ऑफिस बंद झालं. आता जुन्या धाटणीच्या पुठ्ठ्यांवर केनरचा शिक्का पुन्हा छापतात. संग्राहकांना तो बघून भरून येतं. मलाही येतं, खोटं कशाला बोलू. पण त्या शिक्क्यामागे कारखाना नाही, आठवण आहे, आणि आठवणीचे पैसे वेगळे लागतात.

आपल्याकडचं पान वेगळं. एमआरएफने १९८७ मध्ये हॅस्ब्रोच्या साथीने फनस्कूल सुरू केली. अमेरिकेत १९९४ मध्ये पावणेचार इंची मालिका थांबली तरी इथे ती पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. साचे तेच, रंग मात्र आपल्या मनचे. तिकडे खाकी असलेला माणूस इकडे पोपटी निघायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं तसेच असतात. आज अमेरिकेतले लोक याच रंगांसाठी भारतातले जो शोधत फिरतात. दूरदर्शनवर 'स्ट्रीट हॉक' ही मोटारसायकलवाल्या हिरोची मालिका लागायची, तिच्यावरून फनस्कूलने जी. आय. जोमध्ये स्ट्रीट हॉक घुसवला, तो जगात दुसरीकडे कुठे नाही. कंपनी आजही जोरात चालते, खेळणी बाहेरदेशी पाठवते. बंद पडलं ते हे खातं.

आता नवीन फिगरकडे येतो.

पहिले दोन महिने मी तिच्या प्रेमात होतो, हे कबूल. चेहरा माणसाचा आहे, कपाळावरची आठी दिसते. कोपर दुहेरी वाकतं, हात पार खांद्याला लागतो. वाकडी झालेली तलवार गरम पाण्यात धरून सरळ केली आणि थंड पाण्यात बुडवली की सरळच राहते. फोटो काढायचे असतील तर जुन्या चौदांपैकी एकही तिच्या शेजारी उभा करू नये, बिचारे गणपतीच्या देखाव्यातले वाटतात.

मार्चअखेर डावा गुडघा सैल झाला. एप्रिलमध्ये ती पुढे झुकायला लागली, रोज थोडी, हळूहळू. मेमध्ये बूट आणि पट्टा हाताला चिकट लागायला लागले. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी जे तेलकट द्रव्य घालतात ते उष्णतेने वर येतं. साबणाच्या पाण्याने धुतलं, आठवडाभर बरं, पुन्हा चिकट. पेटीत बंद ठेवणाऱ्यांचे हाल जास्त, हवा लागत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की 'वापरामुळे झालेली झीज' हमीत बसत नाही. वापर! कपाटात उभी होती.

गुडघा नीट करायला मी पेचकस घेऊन बसलो आणि ती मागून, पुढून, तळव्यातून तपासली. एक स्क्रू नाही. सगळं दाबून, चिकटवून बसवलेलं. सांध्यात पातळ गोंदाचा थर देऊन घर्षण वाढवायचा उपाय आहे, तो केला, महिनाभर टिकला. सध्या ती आगपेटीला टेकून उभी आहे.

किंमतीबद्दल दोष एकट्या कंपनीचा नाही. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्हही सक्तीचं. म्हणजे बाहेरची फिगर महागच पडणार. पण महाग पडणार हे ठाऊक असताना उघडता न येणारी वस्तू देणं, हे मला पटत नाही. जुने लोक मूल खेळणं तोडणार हे धरून चालायचे. आताचे धरून चालतात की कोणी हात लावणारच नाही. आम्ही चाळिशीतली गिऱ्हाईकं कपाटापुरतीच खरेदी करतो, तेव्हा यात आमचाही वाटा आहे.

घ्यावं का? लूज, म्हणजे पुठ्ठ्याबाहेरचा, फनस्कूल मिळाला, पायांच्या मधला तुकडा शाबूत असेल, तर घ्या. तुटकी रिंग बघून किंमत पाडून मागा, विकणाऱ्याला ते मोठं दुखणं वाटतं. पुठ्ठ्यासकट बंद असलेल्याचे जे भाव सांगतात ते मी देणार नाही, तुमची मर्जी. नवी सहा इंची घ्यायची तर पावसाळ्यात घ्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पावती फेकू नका.

यंदाच्या यात्रेत पुतण्या बीच हेडला खिशात घालून पाळण्यात बसला. परत आला तेव्हा बीच हेडच्या मानेत बोरीची वाळू होती. त्याने स्वतःच पाठ उघडली, झटकली, उलटी बसवली, मग पुन्हा उघडून सुलटी केली. आगपेटीला टेकलेल्या बाईसाहेबांकडे बघून म्हणाला, "काका, हिचा स्क्रू कुठे आहे?"

आप्पांकडून मधल्या मापाच्या दहा रिंगा आणून ठेवल्या आहेत.